इनासचा कोरेज्म आणि बाबाजीची जीभ

कोरगावच्या इनास फर्नांडिसला दारू सोडता येत नव्हती, असं कोणी म्हणू नये. दरवर्षी कोरेज्म, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ लागला की तो वाटेवरच्या खुरसापुढे, त्या दगडी क्रुसापुढे, मेणबत्ती लावून दारू सोडायचा, आणि ईस्टरच्या दुपारी तितक्याच भक्तिभावाने पुन्हा धरायचा. यंदा मात्र बायको रोझालिनने बजावलं होतं, "ईस्टराक तुवें गिलास हातात घेतलो जाल्यार हांव कुळारा वतलें." माहेरी जायची ही धमकी पोकळ नव्हती. भरलेली पिशवी दाराआड ठेवलेली मी, त्यांच्या शेजाऱ्याने, स्वतः पाहिली होती.

अडचण एवढीच की इनासची काजूच्या फेणीची भट्टी होती. देवाने उपास आणि काजूचा हंगाम एकाच वेळी ठेवले, त्याला बिचारा काय करणार? फेणी चाखायला त्याने शेजारच्या बाबाजी गावकराला बोलावलं. बाबाजी जन्मात सोड्याच्या पुढे गेला नव्हता. मित्राचा नवस मोडू नये म्हणून तो जिभेला थेंब लावू लागला. थेंबाचा घोट झाला, घोटाची करवंटी झाली. इनास दिवसेंदिवस साधू होत गेला आणि बाबाजी संध्याकाळी आमच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, वहिनी म्हणून हाक मारू लागला. मला दोघांचाही भयंकर राग यायचा, पण हसू आवरत नसे.

ईस्टरला इनास चर्चमधल्या मिसाहून घरी आला. अंगणातल्या टेबलावर त्याने ग्लास भरला. तेवढ्यात बाबाजीची बायको गंगा नवऱ्याला दंडाला धरून अंगणात हजर. मी गडग्यापाशीच होतो.

"इनासबाब, तुझ्या देवान तुझी दारू सोडयली, बरा केल्यान. पण ती माझ्या घोवाच्या गळ्यात तू कित्याक बांधलीस?"

"चाखपाक कोण तरी जाय न्हय?" इनास पुटपुटला; चाखायला माणूस तर हवाच.

"जीब कित्याक जाय?" रोझालिन आतून ओरडली. "तुजो बापूय फेस पळोवन सांगतालो!"

इनासचा बाप खरंच नुसता फेस बघून सांगायचा. करवंटीत ओतल्यावर फेसाचे मणी किती टिकतात त्यावरून फेणीचा कस कळतो, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक. आम्हाला कोणालाच ते कसं आठवलं नाही, देव जाणे.

इनासने मान खाली घातली. "ईस्टराक परत सुरू करतलों, हें म्हाका खबर आसलें. एकट्यान पिवपाक लज दिसताली. सांगाती जाय आसलो."

ईस्टरनंतर एकट्याने प्यायची लाज, म्हणून सोबती हवा होता! बाबाजीची खाडकन उतरली. "म्हणजे कोरेज्मभर तू माका तयार करी होतंस?"

 ग्लास उचलून इनास खुरसाकडे गेला, कडेच्या मातीत ओतला आणि मेणबत्ती लावली. "म्हजो कोरेज्म सोंपूंक ना," तो म्हणाला. ईस्टर आला तरी ह्याचा उपास चालूच! मला पहिल्यांदाच त्याच्याविषयी माया वाटली.

बाबाजी मागे घुटमळत होता; हिंदूने खुरसापुढे नवस करावा का, हे त्याला कळेना. "माका चलता?"

"खुरसान केन्नाच जात विचारूंक ना," इनास म्हणाला.

बाबाजीने चपला काढल्या, हात जोडले आणि सवयीने एक प्रदक्षिणाही घातली.

रोझालिनने पिशवी दाराआडून आत नेली, पण रिकामी केली नाही.

"फुडल्या ईस्टरापर्यंत ऱ्हांवदी," ती म्हणाली.