दारणेच्या पाण्यात बोटीचं ऑइल शोधताना

नाशिकजवळ गर्दी नसलेलं, पाण्याकाठचं शांत ठिकाण सुचवा, असं तुम्ही मला सारखं विचारता. घ्या, सुचवते. दारणा धरणाच्या बॅकवॉटरला माझ्या आत्याचं गाव आहे आणि तिथे माझा आतेभाऊ सोपान बोट चालवतो. डोंगर आहेत, बगळे आहेत, पाणी तर विचारूच नका. शांतता तेवढी मला मिळाली नाही, कारण मी गेले तेव्हा त्या बोटीचं इंजिन ऑइल गळत होतं आणि ते कुठून गळतंय हे शोधण्यात माझी जोडून घेतलेली सुट्टी कामी आली.

जायचं ठरलं ते सोपानच्या फोनमुळे. "ताई, किती दिवस झाले गं. ये ना, बोटीत फिरवतो. आई मासे करणार हे." इतक्या प्रेमानं कोणी बोलावलं की मी लगेच विरघळते, हा माझा जुना आजार. शनिवारी सकाळी गाडी काढली. रस्ता सोपा आहे: नाशिकरोड, देवळाली कॅम्प, भगूर आणि पुढे आत. कॅम्पपर्यंत डांबर बरं, भगूर सोडलं की डांबराच्या आठवणी. कॅम्पात तोफांचा सराव चालू होता. बाहेरगावचे लोक दचकतात, इथले लोक दुधाचा हिशोब करता करता "आज लवकर सुरू झालं" एवढंच म्हणतात. तिथल्या बेकरीतून गरम खारी मात्र घ्याच. पुढे गावात चहा भरपूर मिळतो, त्यात बुडवायला काही मिळत नाही.

गावात पोचले तर सोपान काठावर उभा, हात कोपरापर्यंत काळे. माझ्याकडे न बघता गाडीकडे बघून म्हणाला, "बरं झालं गाडी आणली. सिन्नरला जायचंय, ऑइल सील आणायला."

"अरे, आणि बोटीत फिरवणार होतास ना?"

"फिरवतो ना. बोट चालू झाली की!"

म्हणजे मासे माझ्यासाठी होते आणि आमंत्रण माझ्या गाडीला! चिडले, पण प्रकरण ऐकल्यावर गाडीची किल्ली पुन्हा हातात घेतली. सोपाननं सिन्नरच्या एमआयडीसीतली नोकरी सोडून ही जुनी फायबरची बोट घेतली. तिला शेतातल्या पंपाचं डिझेल इंजिन बसवलंय. पलीकडच्या वाडीची माणसं, दुधाचे कॅन आणि सुट्टीच्या दिवशी शहरातले हौशी पाहुणे अशी तिची रोजची धाव. दसऱ्यानंतर ऑइल गळायला लागलं आणि पाण्यावर तवंग दिसू लागला. गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. बायकांनी तवंग बघितला आणि गावानं सरळ निकाल दिला: सोमवारी सकाळी पाणी बघू, तेल दिसलं तर बोट काठावर ओढायची आणि पुन्हा पाण्यात घालायची नाही. यात गावाचं काय चुकलं, सांगा? मीही तेच म्हणाले असते.

तर निघाले सिन्नरला. पांढुर्लीवरून जाणारा रस्ता चांगला आहे, दोन्हीकडे कांदा आणि टमाटा, अधूनमधून खच्चून भरलेल्या जीपगाड्या. त्यांना आधी जाऊ द्यावं, त्या तशाही जातातच. सोपान वाटभर बोलत होता. गावातल्या मिस्त्रीनं सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, बदललं, गळती वाढली. मग पॅकिंग बदललं, आणखी वाढली. "ताई, नजर लागली असं आई म्हणती," तो म्हणाला. मी शिकलेली बाई असल्यामुळे हसले.

सिन्नरच्या स्पेअरपार्टवाल्यानं जुनं सील दिव्याखाली धरलं, नखानं खरवडलं आणि ऐटीत सांगितलं, "हे डुप्लिकेट हे. ओरिजिनल टाका, थेंब नाय पडणार." दुकानाबाहेर मिसळ खाल्ली. रस्सा असा जहाल, की सीलचं टेन्शन विसरून मी दोन ताक प्यायले. परत येऊन सोपाननं ओरिजिनल सील बसवलं, इंजिन चालू केलं आणि ऑइल पूर्वीपेक्षा उत्साहानं गळू लागलं. फक्त आता ते ओरिजिनल सीलमधून गळत होतं.

आत्या हे सगळं काठावरच्या दगडावर बसून बघत होती. ती बोटीत कधी चढत नाही. सोपान लहान असताना त्याचे वडील ह्याच पाण्यात होडी उलटून गेले. तेव्हापासून आत्याचं पाण्याशी बोलणं बंद. पोरानं बोट घेतली तेव्हा ती भांडली, रडली आणि शेवटी एवढंच केलं: नवरात्रात वणीच्या गडावर गेली, देवीच्या ओटीतलं लाल कापड आणलं आणि दसऱ्याच्या पूजेला इंजिनावर उभ्या असलेल्या एका आखूड नळीला बांधलं. वर हळद-कुंकू. सोपान पाण्यावर गेला की ती दगडावर बसून त्या लाल ठिपक्याकडे बघत राहायची. हे तिनंच मला जेवताना सांगितलं. मरळीचं कालवण आणि भात असा होता, की मी मान हलवण्यापलीकडे काही बोलू शकले नाही.

रविवारी मी हट्टानं कॅम्पात गेले आणि लष्करातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या हवालदारसाहेबांना घेऊन आले. मूळचे साताऱ्याचे, आयुष्य तोफा ओढणाऱ्या गाड्यांची इंजिनं उघडण्यात गेलेलं, बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी आणि सगळं हुकमी. आल्या आल्या त्यांनी इंजिनावरच्या लाल कापडाला हात जोडले. मग म्हणाले, "पहले सगळं पुसा. एकदम चकाचक. आणि तोंडाला लावायची पावडर आणा."

"पावडर?" सोपान बघतच राहिला.

"अरे, तेल कुठून निघतं ते पांढऱ्यावर दिसतं. आणा!"

आख्ख्या घरात पावडर माझ्याच पर्समध्ये निघाली. महागाची होती, वासाची होती, डब्यावर गुलाब होते. ती बघता बघता इंजिनावर संपली. मग इंजिन चालू केलं आणि आम्ही वाकून बघत बसलो. आधी सीलखाली काळी रेघ आली. मग वरच्या झाकणाच्या कडेनं. मग ऑइल मोजायच्या पट्टीच्या भोकातून. चारी बाजूंनी माझी पावडर काळी होत गेली.

हवालदारसाहेबांनी इंजिन बंद केलं. "एवढ्या जागांवरून गळत नाही साहब, ढकललं जातंय. आत वाफ कोंडलीय. वाफ जायला नळी असते, ब्रीदर म्हणतात. ती कुठाय?"

आम्ही तिघांनी एकदमच लाल कापडाकडे बघितलं.

आता गंमत ऐका. गावातल्या मिस्त्रीनं दोनदा इंजिन उघडलं, दोन्ही वेळा ह्या कापडाला नमस्कार करून बाजूनं काम केलं. सोपान रोज त्याला उदबत्ती ओवाळायचा. आणि गळती वाढली की आत्या, नजर उतरावी म्हणून, कापडाला आणखी एक वेढा आणि आणखी एक गाठ मारायची. दवा जितका जोरात, तितका रोग जोरात! बरं, नुसतं कापड असतं तर थोडी तरी वाफ गेली असती. पण नळीतून तेलकट येतं आणि देवीचं कापड खराब होतं, म्हणून आत्यानं आधी दुधाची रिकामी पिशवी घातली होती आणि तिच्यावर कापड. एकदम टापटीप काम.

"सोडा," हवालदारसाहेब म्हणाले आणि स्वतःचे हात मागे बांधून उभे राहिले.

"साहेब, तुम्ही सोडा ना," सोपान म्हणाला.

"माताजीचं आहे भाई. मी नाही."

"ताई, तू सोड."

"मला काय वेड लागलंय?" मी म्हणाले. होय, तीच मी, काल गाडीत हसणारी.

आत्यानं काठावरून ऐकलं होतं. उठली. "कोणी हात लावायचा नाय त्याला," ओरडली. सोपान म्हणाला, "आई, उद्या बोट वर ओढतील. मग काय करू मी?" तो चाळिशीतला बाप्या, आवाज मात्र शाळेतल्या पोराचा.

आत्यानं लुगडं वर खोचलं, पाण्यात उतरली आणि बोटीच्या काठाला धरून चढली. कोणाचा हात घेतला नाही. एकेक गाठ दातानं ओढून सोडली, कापडाची घडी करून कमरेला खोचली आणि दुधाची पिशवी सोपानच्या हातात कोंबली.

"आता ह्याला कोण राखणार?" तिनं सोपानकडे बघत विचारलं. ती इंजिनाजवळच्या फळीवर बसली. "मग मीच बसते. चालू कर."

"आई, उतर. आपण दुसरीकडं बांधू कापड."

"चालू कर म्हणलं ना!"

तो गेला बोट काढायला आणि मलाही माझी सफर मिळाली. सूर्य डोंगराआड चालला होता, पाणी सोनेरी वगैरे होतं. मी काही बघितलं नाही. मी आत्याकडे बघत होते. तिनं फळी घट्ट धरली होती, डोळे गच्च मिटले होते आणि ओठ हलत होते. परत आलो तेव्हा उरलेली पावडर पांढरी होती.

सोमवारी सकाळी गावकरी आले, पाण्यात वाकून वाकून बघितलं. तवंग नव्हता. एका म्हाताऱ्यानं ओंजळ भरून वास घेतला आणि "गुलाबाचा कसला वास येतोय?" एवढंच विचारलं. बोट पाण्यात राहिली.

घरी येऊन पंधरवडा झाला. गाडीच्या मागच्या सीटला ऑइलचा डाग आहे, तो जात नाही. जाणार असाल तर खर्च फारसा नाही, रस्ता सांगितला, मासे आधी फोन करून सांगावे लागतात.

परवा सोपानचा फोन आला. गळती बंद, धंदा जोरात, पण आई उतरत नाही. पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत बसते. पाहुण्यांना नीट बसा म्हणून दरडावते. मी म्हटलं, तिला दे. मागे इंजिन टुकटुकत होतं.

"आत्या, भीती नाही वाटत?"

"लय वाटती गं. अजून डोळे नाय उघडले," ती म्हणाली. "पण तिथं दगडावर बसून वाट बघायचे, ती भीती ह्याच्याहून लय मोठी होती."

तेव्हा बोटीत जाल तर पुढे बसा, डोंगर छान दिसतात. इंजिनाजवळची जागा मागू नका.