माझ्या बाचं नॉर्मल रक्त

माझ्या बाचं रक्त अजून फ्रीजरमध्ये आहे.

बाला जाऊन आज वर्ष झालं.

घाबरू नका, सांगते.

आमची आई लकव्याने गेली. चुलीपुढे बसल्या बसल्या तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला.

मोखाड्याच्या डॉक्टरांनी खूप धडपड केली. पण मेंदूत गुठळी अडकलीय की रक्तस्राव झालाय, हे स्कॅनशिवाय कळेना. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर माणूस हातचा जातो.

स्कॅन नाशिकला. आई त्र्यंबकच्या अलीकडेच गेली, बाच्या मांडीवर.

तेव्हापासून बा भेटेल त्या डॉक्टरला एकच विचारायचा, "रगत बघून नाय कळत का?"

काही वर्षांनी आमच्या पोशेऱ्यात एक डॉक्टर मॅडम आल्या. त्या नेमकं तेच शोधत होत्या. मेंदूला इजा झाली की त्यातली काही प्रथिनं रक्तात उतरतात. ती मोजून गावच्या दवाखान्यातच निदान व्हावं, अशी टेस्ट.

पेशंटचं रक्त त्यांच्याकडे होतं. तुलनेला निरोगी माणसांचं हवं होतं, तेही आपल्या भागातल्या.

पाड्यावरचं एक माणूस पुढे येईना.

शेजारचे सोमाकाका म्हणाले, "आजारी नाय, त मंग सुई कशाला?"

त्यांचं तरी काय चुकलं? आम्हा आदिवासींचं रक्त तपासलं की त्यात काहीतरी कमीच निघतं. जन्मभर लोक आले ते आमचं उणं मोजायला. निरोगी म्हणून कुणी विचारलंच नव्हतं.

मॅडम सामान आवरायला लागल्या. "मग शहरातल्याच लोकांचं घ्यावं लागेल."

बा ताडकन उठला.

"सोमा, भरला दाणा कसा असतो ते ठावं नसंल, त पोचट कसा वळखशील? बाई, माझं घ्या."

बीपी, शुगर, सगळं तपासलं. सगळं नॉर्मल!

सुई बघून गड्याने डोळे गच्च मिटले, पण हात हलवला नाही. त्याच्यामागे सोमाकाका बसले, मग रांगच लागली.

झालं! जव्हारच्या बाजारात बा दिसेल त्याला थांबवून सांगायचा, "मी नॉर्मल हाय." पाड्यावर नावच पडलं, नॉर्मलबाबा. मी चिडवलं की मिशीत हसायचा.

गेल्या पावसाळ्यात न्यूमोनियाने नेला त्याला.

परवा मॅडमना फोन केला. टेस्ट अजून आमच्या दवाखान्यात पोचलेली नाही, काम चालू आहे म्हणाल्या.

"आणि बाचं रक्त?"

"आहे ना, फ्रीजरमध्ये. पेशंटचं रक्त आम्ही निरोगी माणसांच्या रक्ताशी ताडून बघतो. त्यात तुझे वडील आहेत."

अभिमानानेसुद्धा ढसाढसा रडू येतं, ते मला तेव्हा कळलं.

ज्यांचं कायम उणंच मोजलं, त्यांच्यातला माझा बा. निरोगी माणूस कसा असतो, ते आता त्याच्यावरून बघतात.

बा, तुझं रगत अजून कामावर हाय. आईला सांग.

जोहार.