वाघाची दवंडी

घाटनांदूरच्या आसपासच्या वस्त्यांवर सुग्रीवचा आवाज ओळखत नाही असं कुणी सापडायचं नाही. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, हातात माईक आणि गळा असा की म्हशींनी दावी तोडावीत. साड्यांचा सेल असो, हरवलेलं वासरू असो, नाहीतर कुणाचं मरण, सुग्रीव सगळं एकाच चालीत सांगतो. बंकट पाटील गेले तेव्हा त्यानं गावभर पुकारलं होतं, "अंत्यविधी बरोब्बर चार वाजता! गर्दीच्या आधी या, संधी दवडू नका!" पाटलांच्या पोरांनी मारायचंच तेवढं बाकी ठेवलं. माणूस वाईट नाही हो, पण जित्याची खोड!

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडं वाघ आला. बिबट्या नव्हे, चांगला पट्ट्यांचा वाघ. जन्म विदर्भातल्या अभयारण्यातला. तिथं थोरल्या वाघांनी जागा अडवलेल्या, म्हणून हा तरणाबांड स्वतःची जागा शोधत चालत चालत आला आणि गावाला लागूनच असलेल्या सटवाच्या उसात झोपला. आमची निम्मी माणसं ऊस तोडायला परमुलखात जातात. पोटासाठी मुलूख सोडणं म्हणजे काय, हे खरं तर आम्हाला कळायला हवं होतं.

वनरक्षक तेजश्रीनं सुग्रीवला बोलावलं. "दादा, एवढंच सांगा. सटवाभाऊंच्या उसात वाघ हाय, तिकडं कुणी फिरकू नका. दिवसभर कुणी छेडलं न्हाई तर अंधार पडल्यावर तो आपसूक डोंगराला लागंल."

"एवढंच ना? काळजीच करू नका, ताई," म्हणून सुग्रीवनं रिक्षाला किक मारली.

आणि भोंगा सुरू झाला. "ऐका हो ऐका! आपल्या पंचक्रोशीत प्रथमच! खास विदर्भातून आलेला पट्टेदार वाघ! सटवाच्या उसात! कुणीही तिकडं जाऊ नये! फक्त आजचा दिवस!"

'कुणीही जाऊ नये' हे तो म्हणाला होता, मी शपथेवर सांगतो. ते कुणाच्या कानात शिरलं नाही, एवढंच.

घटकाभरात उसाभोवती जत्रा. भेळेचा गाडाही आला. सुग्रीवच्या लेकीचा, शिवकन्येचा, दुसऱ्या दिवशी साखरपुडा होता; घरी आचारी सकाळपासून बुंदी पाडत होता. तिचे होणारे सासरे मोहनराव आपल्या युसूफ वडगाव गावाहून जीप भरून वाघ बघायला एक दिवस आधीच हजर झाले. तेजश्री आणि दोन वनमजूर दोरी धरून उभे होते. त्या दोरीला टेकून लोक फोटो काढत होते.

वाघ काही दिसेना. मग एकजण ओरडला, "तिन्ही बाजूंनी ऊस पेटवा बे! बाहीर येत न्हाई तर जातंय कुठं?"

सटवा छाती बडवून घेऊ लागला, पण त्याचं ऐकतो कोण? काडेपेट्या निघाल्या.

तेजश्री धावत रिक्षापाशी आली. तिचे डोळे भरले होते. "दादा, जाळ लागला तर त्यो मरंल, न्हाईतर चवताळून माणसं मारील. तुमी जमवलेत, तुमीच हाकला."

सुग्रीवनं आधी "घरी जा" म्हणून पाहिलं, लोक हसले. "पोलीस आले" म्हणून पाहिलं, लोकांनी पोलिसांसोबतच्या व्हिडिओत दिसायला केस विंचरले. शेवटी त्यानं डोळे मिटले आणि माईक तोंडाला लावला.

"मारुतीच्या पारावर पंगत बसली हाय! पुरी, वांग्याची भाजी आणि बुंदी! बुंदी पहिल्या पंगतीलाच! मागून येणाऱ्याची जबाबदारी आमच्यावर न्हाई!"

आमच्याकडं वाघाला न भिणारा माणूसही शेवटच्या पंगतीला भितो. काडेपेट्या खिशात गेल्या, चपला हातात आल्या. मोहनरावांची जीप सगळ्यांत पुढं. सुग्रीवनं रिक्षा गर्दीमागं घातली आणि भोंग्यातच, जरा चाचरत, बायकोला पुढचं सांगून टाकलं. "जानकीबाई, ऐकू येतंय का? शिवकन्येच्या साखरपुड्याची बुंदी पारावर आणावी. ही नम्र विनंती."

सगळ्या गावानं ऐकलं. आपल्या घराच्या नावानं पुकारलेली पंगत कोणती बाई मागं घेईल? जानकीबाईनं आचाऱ्याला हलवलं, कढया पारावर आणल्या आणि वाढायला उभी राहिली. बुंदी लोकांना आणि शिव्या नवऱ्याला, दोन्ही सढळ हातानं. पहिल्याच पंगतीत ओरपून जेवलेल्या मोहनरावांनी दुसऱ्या दिवशी साखरपुड्याला गूळ-पोहे मुकाट खाल्ले. 

दिवे लागायच्या वेळेला सगळ्यात शेवटी सुग्रीव पात्रावर बसला. बुंदीचा दाणा उरला नव्हता. जानकीबाईनं भाजीचा रस्सा वाढला. "लेकीची बुंदी गेली ती गेली. वाघ तरी बघितलाव का?"

"न्हाई. तेवढं ऱ्हायलंच की."

तेवढ्यात तेजश्रीचा फोन आला. वाघ उसातून निघाला होता, धडधाकट. कोणत्या वाटेनं गेला, तेही तिनं सांगितलं. सुग्रीवचा चेहरा फुलला. हात सवयीनं शेजारीच उभ्या रिक्षातल्या माईककडं गेला.

आम्ही सगळे कान टवकारून बसलो.

त्यानं माईकची वायर उपटली आणि खिशात घातली.

"आता कावून गप?" जानकीबाई म्हणाली. "कुठं गेला ते सांगा की."

"पाव्हणा लई लांबून आलाय," सुग्रीव म्हणाला. "बसू द्या त्याला."

आज वर्ष झालं. आम्ही चहा पाजला, विडी दिली, शपथा घातल्या. सुग्रीव सांगत नाही.