बागेत वाचलेली पोथी

कुमुदताईंनी दोन्ही पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि खुर्ची ओढून बसल्या. दिल्लीच्या करोल बागेतल्या मराठी मंडळाचं वाचनालय फक्त रविवारीच उघडतं, म्हणून आज ठरवायलाच हवं होतं. एक पुस्तक कुणा डॉक्टरचं, शेवटच्या दिवसांत शरीर कसकसं थांबत जातं ते समजावून सांगणारं. लेकीनं, रेवतीनं, तेच आणायला सांगितलं होतं. दुसरी पोथी. घरातलं माणूस गेलं की तेरा दिवस वाचतात ती.

ती यजमानांना, भाऊसाहेबांना, हवी होती. आता औषधाचा उपयोग नाही म्हणून दवाखान्यातून घरी पाठवल्यापासून त्यांनी टुमणंच लावलं होतं.

"मी गेल्यावर तू वाचशीलच. पण मी ऐकतोय की नाही, हे तुला कसं कळणार? आत्ता वाच. मधेमधे हूं तरी म्हणेन."

"अहो, जितंजागतं माणूस घरात असताना ती पोथी घरात आणत नाहीत."

"मग बाहेर वाच."

कुमुदताईंनी डॉक्टरचं पुस्तक उघडलं. पाय गार कधी पडतात, ते त्यात होतं. गेला आठवडाभर त्या रोज ह्यांचे पाय हातात घेऊन बसत होत्या. ते पुस्तकातून काय कळायचं! पण पोथी उचलायची, म्हणजे हे जाणार हे आपल्या हातानं कबूल करायचं.

"दोन्ही नेताय का?" वाचनालय सांभाळणाऱ्या शालिनीताईंनी विचारलं.

"नको. पोथीच द्या."

द्वारकेपर्यंत मेट्रोत त्यांनी ती भराभरा चाळली. सोसायटीच्या गेटवरूनच घरी फोन लावला.

"रेवती, बाबांना स्वेटर-टोपी घालून खाली बागेत आण. मी वर येत नाही."

"का गं? काय झालं?"

"हातात पोथी आहे."

"यार आई, तू पण ना," रेवती म्हणाली, पण व्हीलचेअर घेऊन आली. त्यांना उन्हात बसवून वर गेली.

कुमुदताई वाचू लागल्या. जीव निघतो, लांबच्या वाटेला लागतो, आडवी नदी येते. भाऊसाहेब हूं म्हणत होते.

"एवढं चालायचं? तिकडे मेट्रो नाही वाटतं अजून."

"गप्प ऐका बघू."

थोडं पुढे जाऊन त्या थांबल्या.

"का गं?"

"ह्यात वाट आहे, नदी आहे, कुणी काय भोगायचं तेही आहे. गेलेल्याची नि मागे राहिलेल्याची परत गाठ कुठे पडते, तेवढं नाही. येताना सगळी बघितली मी."

 भाऊसाहेबांनी शालीतून हात काढून पानावर ठेवला.

"घाईत बघितली असशील. मला पहिल्यापासून वाचून दाखव."

कुमुदताईंनी चष्मा पुसला, पहिलं पान काढलं आणि एकही ओळ न गाळता सावकाश वाचायला लागल्या.