बाण एकत्र येत नव्हते

मंडळी, आनंददादाला विचारूनच हे लिहितोय.

दादा इथे रियाधमध्ये सर्जन आहे, आणि मला धनुष्य धरायला शिकवलं तेही त्यानेच. पुढच्या महिन्यात तो मित्रांबरोबर दक्षिण आफ्रिकेत शिकारीला जाणार होता. म्हणून आज सकाळी आम्ही तिरंदाजीच्या रेंजवर त्याच्या कंपाउंड धनुष्याची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, जुळवायला गेलो.

दादाचे बाण कुठेही जात होते. एक वर, एक उजवीकडे, एक टार्गेटच्या बाहेर. आम्ही साइट सरकवून पाहिली, बाण टेकतो तो रेस्ट तपासला, दोरी तपासली. काही फरक पडेना.

"तू मारून बघ," दादा म्हणाला. आमची उंची सारखीच, म्हणून त्याचं धनुष्य मलाही बसतं.

माझे तिन्ही बाण मधल्या ठिपक्यापासून लांब डावीकडे गेले, पण एकमेकांना चिकटून बसले. म्हणजे साइट तेवढी सरकवायची राहिली होती. धनुष्यात दोष नव्हताच.

दादाने दोन्ही हात समोर धरले. धनुष्य धरायच्या डाव्या हाताची बोटं बारीक थरथरत होती.

"कॉफी जास्त झाली असेल," मी म्हणालो.

"कॉफी कधीच सोडलीय रे. हात थरथरतो म्हणूनच सोडली."

त्याने तिथूनच हॉस्पिटलला फोन केला. उद्याचं ऑपरेशन दुसऱ्या सर्जनकडे द्यायला सांगितलं आणि न्यूरॉलॉजिस्टची वेळ मागितली. मग किल्ली माझ्याकडे देत म्हणाला, "यल्ला, चल, गाडी तू चालव."

घरी पोहोचेपर्यंत तो एका हाताने दुसरा हात दाबून बसला होता. मी नुसती गाडी चालवत राहिलो. माझ्या जागी तुम्ही काय बोलला असता?