काजळ न धरणारी मेणबत्ती

शालूबाईंच्या हातचे काजळ गल्लीतल्या बहुतेक बाळांच्या डोळ्यांत गेले होते. एरंडेलाचा दिवा, त्यावर पालथी धरलेली पितळी ताटली आणि ताटलीला तुपाचे बोट. औंधजवळच्या माहेराहून सांगलीला येताना एवढीच विद्या त्यांनी बरोबर आणली होती. ती उलटी चालवायची पाळी त्यांच्यावर आली, तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते.

त्यांचे यजमान हरिबा यांनी बावीस वर्षे हळदीच्या बाजारात हळकुंडे पॉलिश केली. त्या पिवळ्या धुळीने त्यांची छाती भरली. चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर दम्याचा मोठा झटका आला, तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी शालूबाईंना बाजूला घेऊन सांगितले, “घरात धूर नको. रॉकेलची चिमणी तर मुळीच नको. पुढच्या झटक्याला तुम्ही इथवर पोहोचालच, असे धरून चालू नका.”

शालूबाईंनी चूल परसात हलवली. उदबत्ती बंद केली. पण संध्याकाळी सातला वीज जाई ती तासाभराने येई, आणि काळोखात हरिबांचा जीव अधिकच घुसमटे. म्हणून त्या मेणबत्त्या घ्यायला कोपऱ्यावरच्या विष्णुपंतांच्या दुकानात गेल्या.

“ह्या लाल घ्या,” विष्णुपंत म्हणाले. “वासाच्या आहेत.”

“त्यांच्या छातीला सोसंल का वास?”

“सुगंध आहे तो, बाई. सुगंध कुणाला बाधला आहे?”

त्या संध्याकाळी हरिबा उशीला कवटाळून तासभर खोकले. दुसऱ्या दिवशी शालूबाई पुन्हा दुकानाच्या पायरीशी उभ्या राहिल्या.

“ह्यात पोळ्याचं मेण असतंय न्हवं?”

“मधमाशीने तोंडही लावलेले नाही याला. हे रॉकेलच्याच घराण्यातले.”

थकव्याने शालूबाईंना वादही घालवेना. मग त्यांनी एक जाड पांढरी आणि एक बारीक पांढरी मेणबत्ती मागून घेतली.

भरदुपारी, वारा लागू नये म्हणून दार लोटून, त्या परसाकडच्या खोलीत बसल्या. ताटली राखेने लख्ख घासली, लाल मेणबत्ती पेटवली आणि ज्योतीवर ताटली धरून शंभर आकडे मोजले. काजळ धरताना मोजायच्या तसेच. फक्त आज काजळ येऊ नये अशी इच्छा होती. लाल मेणबत्तीने दाट काळा डाग दिला.

त्या तो पुसत होत्या, तेवढ्यात शेजारच्या गोदावरीबाई दार ढकलून आत आल्या. “काय हो, भरदुपारी काजळ? कुणाकडे पाळणा हलला?”

“कुणाकडं न्हाई. काजळ नको म्हणून धरतीया.”

“मग पुसता कशाला? आमच्या नातीला होईल की.”

“ह्ये डोळ्यात घालायचं न्हाई. रंगाचं हाय.”

जाड मेणबत्तीची वात जळता जळता फुगली आणि तिनेही डाग दिला. बारीक मेणबत्तीची तेवढी पुसट सावली पडली. शालूबाईंनी अडकित्त्याने तिची वात कापून आखूड केली आणि पुन्हा शंभर मोजले. ताटलीत त्यांना आपला चेहरा दिसला. दिसला तो बराच ओढलेला होता.

त्या संध्याकाळी तासभर मेणबत्ती जळली आणि हरिबा एकदाही खोकले नाहीत. वीज आली. रोजच्यासारखे ते भिंतीला धरून उठले, मेणबत्तीवर वाकले आणि सगळा श्वास गोळा करून फुंकर मारली. वातीतून धुराची करडी दोरी वर आली, ती थेट त्यांच्या नाकाशी. मग खोकला सुरू झाला.

त्यांची पाठ चोळताना शालूबाईंच्या ध्यानात आले, की रोज हेच होत होते. देवाचा दिवा या घरात कुणी तोंडाने फुंकला नसता. मेणबत्ती मात्र बाजारची, म्हणून तिला फुंकर चालत होती. आणि ती फुंकर हरिबांची होती. बाजार सुटल्यापासून घरातले एवढे एकच काम त्यांच्याकडे उरले होते. ते काढून घेणे शालूबाईंना जमेना.

दुसऱ्या दिवशी वीज येताच त्यांनी पाण्याची वाटी पुढे सरकवली.

“आवं, फुकू नका. बोटं भिजवा आन् चिमटीत धरा. माज्या माहेरी दिव्याला दुधाचं बोट लावून निरोप देत्यात.”

“मेणबत्तीला निरोप?” हरिबा हसले. “उद्या तिला हळदीकुंकू लावशील.”

“दिवाच हाय की त्यो बी.”

त्यांनी बोटे भिजवली. चर्र असा बारीक आवाज झाला. धूर आला नाही. हरिबा भिंतीला टेकून बसले आणि शालूबाई सवयीने वाट पाहत राहिल्या.

खोकला आला, पण बऱ्याच वेळाने, खोल आणि जुना. तो हळदीचा होता, मेणबत्तीचा नव्हता. एवढे आता त्यांना ओळखता येत होते. त्या पाठ चोळायला उठल्या.