हात पाहणारे गांगुर्डे

गांगुर्डे नव्या माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत, हाताकडे बघत. सातपूरच्या कारखान्यात मी रुजू झालो तेव्हा सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं आणि डिप्लोमाचा फर्स्ट क्लास माझ्या अंगात पुरता भिनला होता. ड्रॉइंग ऑफिसातल्या या पन्नाशीच्या ड्राफ्ट्समनला मी तो क्लास दोनदा ऐकवला. त्यांनी माझा पंजा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “हात चांगला हाय. अजून वापरलेला दिसत नाय.”

ते मूळचे चांदवडकडचे. मॅट्रिकनंतर त्यांचं शिक्षण थांबलं, शिकणं थांबलं नाही. सुताराकडे जाऊन लाकडाचे सांधे शिकले, विहारात भन्तेजींपाशी बसून पाली शिकले. जेवणाच्या सुट्टीत आम्ही पत्ते कुटायचो तेव्हा ते कामगारांच्या हातांची चित्रं काढत. चेहरे त्यांना साधत नसत, आणि त्यांनी काढलेल्या प्रत्येक बाईचे दंड लेथवर काम करणाऱ्या माणसाचे वाटत. हे मी त्यांना चार लोकांत सांगितलं. ते म्हणाले, “खरंय. बाया नीट बघितल्याच नाय मी. चित्रात लगेच कळतं, काय बघितलं नाय ते.”

मला ते कळायला रामदास लागला. पेठकडचा हा बुटका, अबोल गडी ड्रिलिंग मशीनवर होता. त्याच्यासाठी मी माझं पहिलं डिझाइन केलं, भोक पाडायचा जॉब पक्का धरून ठेवणारं, दांडा ओढून आवळायचं एक फिक्श्चर. कागदावर ते इतकं देखणं दिसत होतं की मी त्याची एक प्रत घरी नेऊन आईलाही दाखवली. पण महिनाभरात रामदासचं काम निम्म्यावर आलं. तो म्हणाला, “साहेब, दांडा ओढला का मनगटात कळ येते.” मी फिक्श्चर तपासलं, त्यात खोट नव्हती. तेव्हा खोट माणसात असणार, असं शास्त्रशुद्ध अनुमान काढून मी अहवालात ‘निष्काळजीपणा’ असं लिहिलं. रामदासला कामावरून कमी करण्याची नोटीस निघाली.

दुसऱ्या दिवशी गांगुर्डे माझ्या टेबलाशी आले. हातात रद्दीतून घेतलेलं, पाठ निघालेलं एक इंग्रजी पुस्तक होतं. युरोपातल्या प्रबोधनकाळातल्या चित्रांचं. शब्दकोश घेऊन त्यांनी ते पानपान वाचलं होतं. एका पानावर कातडी सोललेला हात होता, हाडं आणि स्नायू उघडे; त्याच्याच शेजारी दोर आणि कप्प्या.

“हा चित्रकार होता की इंजिनिअर?” मी विचारलं.

“त्याला तसं कुणी विचारलं नाय, म्हणून त्याला दोन्ही जमलं,” गांगुर्डे म्हणाले. “हात काढायचा म्हणून त्यानं आतली हाडं बघितली. नदी काढायची तर पाणी वळतं कसं ते बघत बसला. दीक्षित साहेब, तुम्ही दांडा काढला. हात कुठं बघितला?”

“शरीरशास्त्र आम्हाला नव्हतं,” मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की मला आजही घाम फुटतो.

त्यांनी मला रामदासच्या मशीनवर उभं केलं. दांडा उंचावर होता आणि माझी उंची रामदासपेक्षा जास्त, म्हणजे मला सोपं जायला हवं होतं. तरी जेवणाच्या सुट्टीत मला पोळी मोडवेना. मग गांगुर्डे आणि रामदास दोघांनी मिळून दांड्याचा नवा कोन खडूनं जमिनीवर आखला. मी शेजारी उभा राहून खडू पुरवत होतो.

दुपारी मी मॅनेजरांकडे गेलो. “अहवाल मागे घेतो,” म्हणालो.

“का? चूक कुणाची?”

“डिझाइनची.”

“डिझाइन कुणाचं?”

भिंतीवरच्या कॅलेंडरला उद्देशून मी म्हणालो, “माझं.” माझी पगारवाढ त्या वर्षी राहिली. रामदास मात्र राहिला.

निवृत्तीनंतर गांगुर्डे इंदिरानगरला राहायला गेले आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथेच वारले. शोकसभेला मी लवकर पोचलो. त्यांच्याकडून काय काय शिकलो यावर चार पानांचं भाषण लिहून नेलं होतं. पण तिथे सगळं उलटंच चाललं होतं. सुतार उठून म्हणाला, माझ्याकडे शिकले. भन्तेजी म्हणाले, माझ्याकडे. मधमाश्या पाळणारे एक गृहस्थ होते, एक तबल्याच्या बाई होत्या. जो तो त्यांना आपला विद्यार्थी म्हणत होता आणि सांगताना ताठ होत होता.

माझी पाळी आली. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, “साहेब, ते कॅलक्युलस म्हणतात ते मला शिकवाल का? रविवारी येत जाईन.” मी म्हणालो होतो, अवश्य, एकदा जरा उजळणी करून घेतो. सूत्रं मला पाठ होती, पण ती तशी का, हे मला कधीच कळलं नव्हतं आणि गांगुर्डे नेमकं तेवढंच विचारणार होते. दर दिवाळीला भेटले की ते म्हणत, “झाली का उजळणी?”

ती चार पानं मी खिशातून काढलीच नाहीत. हे एवढंच सांगितलं आणि खाली बसलो.